हरणांच्या रानात टिकल्यांचं पिस्तूल

मी धनुष्यबाण चालवते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "म्हणजे शिकार?" पुण्याच्या नातेवाइकांनी विचारलं तर मी समजून घेते. पण इथे हूफडॉर्पला आमच्या ऑफिसातली शिकलीसवरली माणसंही हेच विचारतात तेव्हा माझं डोकं फिरतं. नेदरलँड्समध्ये बाणाने शिकार करायला बंदी आहे. हरणाची नाही, सशाची नाही, कशाचीच नाही. आम्ही मारतो ती फोमची हरणं. रानात झाडाझुडपांच्या आड ती उभी करून ठेवलेली असतात. आम्ही गटागटाने चालत जातो, बाण सोडतो, बाण उपटतो, गुण मांडतो आणि पुढच्या हरणाकडे वळतो. मध्येच कुठेतरी कॉफी असते, कारण कॉफीशिवाय या देशात काहीच पार पडत नाही.

क्लबात पहिल्या दिवशी मला धनुष्य हातात दिलं नाही, आधी शिस्त दिली. धनुष्य पिशवीत, पिशवीची चेन बंद, बाण वेगळ्या नळीत. गाडीतून उतरल्यापासून मैदानाच्या दोरीपर्यंत कोणाला काही दिसता कामा नये. दोरीच्या आत गेल्यावरच उघडायचं. आणि फिरायला आलेल्या लोकांच्या कानांवर पडेल असं "मी हरिण मारलं" हे चुकूनही म्हणायचं नाही. आमचे सेक्रेटरी, पांढऱ्या मिशांचे सत्तरीचे गृहस्थ, हे सांगताना इतके गंभीर होते की मला वाटलं, आता शपथ घ्यायला लावतात की काय. मला हे सगळं आवडलं. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, दुसऱ्यांच्या चुका काढणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. नियम दिसले की मला घरी आल्यासारखं वाटतं.

एकदा आमच्याकडे एक अमेरिकन पाहुणा आला होता. कंपनीच्या कामासाठी काही महिने इथे होता आणि गावाकडे खरीखुरी हरणं मारायचा, धनुष्यानेच. कॉफीच्या वेळी तो सहज म्हणाला की बाणांच्या मोसमात रानात जाताना तो कमरेला पिस्तूलही लावतो. मग त्यातले नियम सांगायला लागला. पिस्तूल जवळ ठेवायचं ते स्वतःच्या रक्षणासाठी. हरणावर ते चालवायचं नाही, हरिण घायाळ होऊन समोर तडफडत असलं तरी नाही. काही राज्यांत तर बाणांच्या मोसमात जवळ बाळगायचीही परवानगी नाही, तेव्हा आधी विचारून घ्यायचं. बरोबर कोणी असेल तर त्याला निघण्यापूर्वीच सांगायचं, आणि वनरक्षक भेटला तर हात दिसतील असे ठेवून पहिलं वाक्य पिस्तुलाचंच बोलायचं. तो भला माणूस होता आणि नियमांच्या बाबतीत आमच्या सेक्रेटरींहून कडक होता. पण आमची डच मंडळी बिस्किट हातात तसंच धरून बघत राहिली. शेवटी सेक्रेटरींनी विचारलं, "हरणापासून रक्षण?" तो म्हणाला, "अस्वलापासून." मला इतकं हसू आलं की कॉफी नाकात गेली. हरणांच्या रानात धनुष्य आणि पिस्तूल दोन्ही घेऊन जाणारी माणसं जगात असतात, याचीच मला गंमत वाटली होती.

त्या वर्षीच्या दसऱ्याला सासूबाई आमच्याकडे होत्या. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या, टापटिपीच्या, आणि अबोला धरण्यात अतिशय तरबेज. त्या वेळचा अबोला आमच्या नागरिकत्वाच्या अर्जावरून होता. मी, नवरा आणि मुलगी असा तिघांचा डच नागरिकत्वाचा अर्ज आम्ही दिला होता, आणि तो मंजूर झाला की भारताचा पासपोर्ट परत करावा लागणार होता. सासूबाई भांडल्या नाहीत. त्यांनी फक्त 'अर्ज' हा शब्द उच्चारणं सोडून दिलं. "तुमचं ते झालं का?" असं विचारायच्या, एखाद्या न सांगण्यासारख्या दुखण्याबद्दल विचारावं तसं. एकदा देवापुढे बसून त्या काहीतरी पुटपुटत होत्या, ते मी ऐकलं. "यांचं ते होऊ देऊ नकोस" एवढंच मागणं होतं. मला राग आला आणि वाईटही वाटलं, पण मी चहा टाकायला निघून गेले.

नवरा मात्र त्या अर्जापायी हळवा झाला होता. पोलिसांत साधी नोंद झाली तरी सगळं ओम्फस्स, असं त्याने कुठून तरी ऐकलं होतं. त्यामुळे रस्त्यावर चिटपाखरू नसतानाही तो सायकल घेऊन लाल सिग्नलला उभा राहायचा आणि मलाही उभं करायचा. मी त्याला चिडवायचे, पण भीती माझ्याही पोटात होतीच. मुलगी इथेच जन्मली, तिची शाळा, तिच्या मैत्रिणी, तिची भाषासुद्धा इथलीच. दर काही वर्षांनी परमिटसाठी ऑफिसच्या तोंडाकडे बघत बसण्याचा मला वीट आला होता. हा अर्ज मला हवा होता, मनापासून हवा होता.

खंडेनवमीला घरातली शस्त्रं पुजायची. पुण्यात आम्ही विळी, सुरी, स्क्रू ड्रायव्हर आणि स्कूटर पुजत असू. इथे लॅपटॉप आले. पण त्या वर्षी सासूबाईंना घरात खरं धनुष्य सापडलं आणि त्यांचा अबोला सुटला. "अगं, इतकं साक्षात शस्त्र असताना तू लॅपटॉपला काय हळदकुंकू वाहतेस!" म्हणून त्यांनी पाटावर धनुष्य मांडलं, शेजारी बाण मांडले आणि प्रत्येक बाणाच्या टोकाला कुंकू लावलं. नुसतं बोट टेकवून नव्हे, चांगलं ओलं करून, सढळ हाताने. मुलीने धावत जाऊन स्वतःचं टिकल्यांचं पिस्तूल आणलं. मागच्या दिवाळीत सासूबाईंनीच ते तुळशीबागेतून आणलं होतं, काळं, लोखंडी, वजनदार. "दॅट्स ऑल्सो अ शस्त्र, आजी!" म्हणाली. आजीने त्यालाही कुंकू लावलं.

दुसऱ्या दिवशी दसरा आणि शनिवार, आणि वेलुवेच्या रानात आमच्या क्लबाची स्पर्धा. नवरा मुलीला पोहण्याच्या क्लासला नेणार होता. सासूबाई म्हणाल्या, "मी येते तुझ्याबरोबर. दसऱ्याला शस्त्रं घेऊन सीमा ओलांडायची असते. तू आयतीच ओलांडते आहेस." मला बरं वाटलं. मी नको म्हटल्यावरही त्यांनी जांभळी नऊवारी नेसलीच, वर माझं हिवाळी जाकीट, पायात नवऱ्याचे जुने बूट. धनुष्याची पिशवी त्यांनी स्वतः भरली. मी फक्त चेन बंद आहे ना, एवढं पाहिलं.

वेलुवेच्या वाहनतळावर उतरलो तर थोड्या अंतरावर, रस्त्याच्या कडेला, एक हरिण मरून पडलं होतं. खरं हरिण, लहानसं. कोणत्या तरी गाडीने उडवलं असावं. सासूबाई "अगं बाई" म्हणून थांबल्या आणि हात जोडून उभ्या राहिल्या. इथे माझ्याकडून शिस्त मोडली. बाणांची नळी गाडीत आडवी पडून झाकण निघालं होतं, म्हणून मी ती दोरीच्या बाहेरच, भर वाहनतळावर उघडली आणि बाण नीट लावू लागले. तेवढ्यात कुत्रं घेऊन फिरायला आलेली एक बाई तिथून गेली. तिने हरणाकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या लालभडक टोकांच्या बाणांकडे पाहिलं. मी आपली हसून "गुड मॉर्निंग" म्हटलं. तिने उत्तर दिलं नाही, कुत्र्याला ओढत नेलं आणि खिशातून फोन काढला. इथली माणसं कधी कधी उद्धट असतात, एवढंच मला वाटलं.

आम्ही पायवाटेने अर्ध्यावर पोचलो असू, तोच मागून हिरव्या गणवेशातला वनरक्षक आला. उंच, लालबुंद गालांचा, चाळिशीचा. "जरा थांबतेस का?" असं त्याने विचारलं. डचमध्येही तू आणि तुम्ही असं वेगवेगळं आहे, पण इथे बँकेतला माणूसही पहिल्या भेटीत तू म्हणतो, त्यामुळे मला त्यात काही वाटलं नाही. कोणीतरी तक्रार केली आहे, तो म्हणाला, धनुष्य घेतलेली बाई आहे आणि तिच्या बाणांना रक्त आहे. बाण बघू.

मी नळी उघडली. त्या वेळी कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मेलेलं हरिण, लाल टोकं, आणि या देशात बाणाने हरिण मारणं हा गुन्हा. मी घाईघाईने पूजा, सण, रंग असं काहीबाही सांगू लागले. डच शब्द ऐनवेळी दगा देतात ते असे. सासूबाईंना भाषा कळत नव्हती, पण बाणांकडे बोट दाखवलेलं कळलं. त्या पुढे झाल्या, बाणाच्या टोकावर बोट टेकवलं आणि मग तेच बोट स्वतःच्या कपाळावरच्या कुंकवावर टेकवलं. वनरक्षक बाणाकडून कपाळाकडे आणि कपाळाकडून बाणाकडे पाहत राहिला. लाल रंग तोच होता. तो हसला. "ते हरिण गाडीखालीच गेलंय, काचा पडल्यात तिथे," तो म्हणाला, "पण फोन आला की मला यावंच लागतं. पिशवी तेवढी उघडून दाखवतेस का? मग सोडतो."

मी आनंदाने उघडली. धनुष्य होतं, हातमोजा होता, झेंडूची माळ होती, आणि माळेखाली मुलीच्या रुमालात गुंडाळलेलं ते काळं पिस्तूल होतं.

वनरक्षकाचं हसू गेलं. "पिशवीपासून दूर व्हा. हात मला दिसतील असे ठेवा." हे त्याने 'तुम्ही' म्हणून सांगितलं. इतक्या वर्षांत इथे माझ्याशी इतक्या आदराने कोणी बोललं नव्हतं, आणि त्या आदरानेच मी घाबरले. खऱ्यासारखं दिसणारं खोटं पिस्तूल घेऊन बाहेर पडणंही इथे गुन्हा आहे हे मला ठाऊक होतं. आपण ते घेऊन आलोय हे ठाऊक नव्हतं. तो अमेरिकन मला आठवला, पण आता हसू आलं नाही. पिस्तुलाचं पहिल्या वाक्यात सांगायचं असतं, आणि माझी बडबड सगळी कुंकवावर खर्च झाली होती.

"आई," मी मराठीत विचारलं, "हे इथे कसं आलं?"

"मीच ठेवलं. पुजलंय ना काल? मग एकट्या धनुष्यानेच सीमा ओलांडायची आणि त्याने घरी बसायचं होय?"

"ते खेळणं आहे," मी त्याला सांगितलं, आणि दाखवायला एक पाऊल पुढे टाकलं. तो इतक्या जोरात "नाही!" म्हणाला की सासूबाईंनी माझा दंड धरला. त्याने हातमोजे चढवले, वाकला, आणि पिस्तुलाला हात लावण्यापूर्वी इंग्रजीत विचारलं, "यातून काय उडतं?"

'टिकल्या'ला इंग्रजीत काय म्हणतात ते मला आजही पटकन आठवत नाही. मी शोधतच होते, तेवढ्यात सासूबाईंनी मदत केली. "टिकली!" त्या ठणकावून म्हणाल्या. "टिकली, टिकली!" आणि समजावं म्हणून बोट थेट कपाळाच्या मधोमध टेकवून दाखवलं.

वनरक्षक दोन पावलं मागे सरला. त्याच्या जागी मी असते तर पळालेच असते. एक बाई पिस्तुलाबद्दल विचारल्यावर कपाळाच्या मधोमध बोट ठेवते आहे. आता सासूबाईंना कसं सांगावं आणि त्याला कसं सांगावं की आमच्या भाषेत कपाळावर लावायची ती टिकली आणि पिस्तुलात घालून वाजवायची तीही टिकलीच! मी दोघांनाही सांगायचा प्रयत्न केला आणि दोघांनाही काही कळलं नाही. त्याने फोन काढून पोलिसांना लावला.

आम्हाला त्याने एका आडव्या ओंडक्यावर बसवलं. त्याने पिस्तूल उचललं, उलटसुलट केलं, त्याचे फोटो काढून पाठवले आणि फोनवर हळू आवाजात बोलत राहिला. माझं नाव, जन्मतारीख, पत्ता त्याने विचारून घेतलं. गेला अर्ज, असं मला स्पष्ट दिसत होतं. नवऱ्याला काय सांगू, मुलीला काय सांगू? सासूबाईंवर इतका संताप आला होता की मी त्यांच्याकडे बघत नव्हते. मनात आलं ते लिहायचं तर, देवाने यांचं ऐकलं, असंच मला त्या क्षणी वाटलं.

तेव्हा सासूबाई उठल्या. साडीवरचा पाला झटकला, जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि वनरक्षकासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आयुष्यभर कचेरीत वापरलेलं इंग्रजी त्यांनी बाहेर काढलं.

"सर, वन मिनिट. आय अ‍ॅम रिस्पॉन्सिबल. आय पुट द पिस्टल. शी इज नॉट नोइंग एनीथिंग. काइंडली अरेस्ट मी." मग एक श्वास घेऊन म्हणाल्या, "हर अ‍ॅप्लिकेशन इज पेंडिंग, सर. प्लीज डू नॉट स्पॉइल."

आणि मनगटं जोडून पुढे केली, बेड्यांसाठी.

अर्ज हा शब्द, इंग्रजीत का होईना, मी त्यांच्या तोंडून वर्षभरात पहिल्यांदा ऐकला. मी उठायला गेले तर मला रडूच फुटलं, लहान मुलीसारखं, नाकातून पाणी येईपर्यंत. वनरक्षक फोन कानाला लावून आमच्या दोघींकडे बघत होता, एकीची मनगटं आणि दुसरीचं नाक. त्याने फोनवर पलीकडच्याला काहीतरी सांगितलं आणि पलीकडचा माणूस मोठ्याने हसलेला मलासुद्धा ऐकू आला.

मग तो आमच्यासमोर उकिडवा बसला. "ऐक," तो म्हणाला. 'तू' म्हणून. ते 'तू' ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला, पुढचं वाक्य यायच्या आधीच. खेळणं आहे हे पोलिसांना पटलं होतं. पिस्तूल तो ठेवून घेणार होता, ते परत मिळणार नव्हतं, आणि पुन्हा असं काही घेऊन बाहेर पडायचं नव्हतं. "नोंद?" मी विचारलं. "कसली नोंद?" तो म्हणाला. "एका आजीने नातीचं खेळणं पिशवीत घातलं, ही?" बाण मात्र दोरीच्या बाहेर उघडायचे नाहीत, हे खरं तर क्लबातली म्हणून तू मला शिकवायला हवंस, असं त्याने वर ऐकवलं. मी मान खाली घालून हो म्हटलं. इतकं ओशाळून इतकं खूश मी आयुष्यात कधी झाले नव्हते. सासूबाईंना मी मराठीत सगळं सांगितलं. त्यांनी मनगटं खाली घेतली आणि त्याला म्हणाल्या, "थँक्यू सर. युअर मदर मस्ट बी प्राउड." तो कानांपर्यंत लाल झाला.

स्पर्धेला आम्ही उशिरा पोचलो. माझा हात इतका हलका झाला होता की पहिला बाण फोमच्या हरणावरून कुठच्या कुठे गेला, सापडलाच नाही. सासूबाई कॉफी आणि केक घेऊन सेक्रेटरींशेजारी बसल्या होत्या आणि माझा बाण चुकला की दोघं मिळून मान हलवत होते. मला कशाचंच काही वाटत नव्हतं. ऊन पडलं होतं, झाडांची पानं पिवळी झाली होती, आणि माझं नाव कुठेही लिहिलं गेलं नव्हतं.

परतताना मोटरवेला लागल्यावर मी विचारलंच. विचारल्याशिवाय राहवलं नसतं.

"आई, तुम्हाला तर अर्ज फेटाळलेला हवा होता. मी ऐकलंय देवघरापुढे."

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. नाकबूल होतील असं मला वाटलं होतं, पण झाल्या नाहीत.

"हवा होता. अजून हवा आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही परत यावं असं मला रोज वाटतं. पण यायचं तर स्वतःच्या मर्जीने या, मानाने या. मी दार उघडून उभी असेन. कोणी गुन्हेगार ठरवून हाकलून दिलं म्हणून माझी सून माझ्या दारात उभी राहिलेली मला चालणार नाही."

हूफडॉर्पचा फाटा आला आणि मागे गेला. "अगं, आपलं ते वळण गेलं ना?" त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं आणि पुढच्या वळणापर्यंत तशीच गाडी चालवत राहिले, कारण समोरचं मला नीट दिसत नव्हतं.